आयफोनचं ‘सेफ्टी चेक’: कामाचं आहे, पण घाईने दाबू नका

घरातल्या हिंसेतून बाहेर पडणाऱ्या बायकांसोबत मी काम करते. ‘मी कुठे जाते ते त्याला कळतं कसं?’ हा प्रश्न आमच्याकडे सतत येतो. उत्तर बऱ्याचदा तिच्याच पर्समध्ये असतं.

आपलं लोकेशन, कॅलेंडर वगैरे कोणाला आणि कोणत्या अ‍ॅप्सना दिसतं ते तपासून बंद करायची आयफोनमधली सोय म्हणजे सेफ्टी चेक. ते २०२२ मध्ये आयओएस १६ या आयफोनच्या सिस्टीमसोबत आलं. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त गेलं की सापडतं. वेगळं अ‍ॅप घ्यावं लागत नाही, ही मला सर्वांत आवडलेली गोष्ट. फोन रोज तपासणाऱ्या माणसाला स्क्रीनवर नवं काही दिसलं, की उलटतपासणी सुरू होते.

आत दोन पर्याय आहेत. ‘इमर्जन्सी रीसेट’ सगळ्यांसोबतचं, सगळ्या अ‍ॅप्ससोबतचं शेअरिंग एकदम तोडतं. बहिणीला दिसणारं लोकेशनसुद्धा जातं. मी हा पर्याय क्वचितच सुचवते. नवऱ्याला सूचना जात नाही हे खरं, पण दिवसभर नकाशावर दिसणारी बायको अचानक दिसेनाशी झाली तर त्याला सूचना कशाला हवी? नातं तोडून निघण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. आज रात्री ती कुठे राहणार हे ठरलेलं नसेल, तर या बटणाला हात लावू नये.

दुसरा पर्याय ‘मॅनेज शेअरिंग अँड अ‍ॅक्सेस’. खरं काम इथे होतं. कोणत्या माणसाला काय दिसतं ते एकेक करून तपासता येतं आणि हवं तेवढंच बंद करता येतं. लोकेशन सगळ्यांना आठवतं, कॅलेंडर कोणाला आठवत नाही. शेअर केलेल्या कॅलेंडरमध्ये समुपदेशनाची वेळ लिहिलेली असली, तर आम्ही इकडे कितीही तोंड मिटून बसलो तरी काय उपयोग? पुढे तिचं अ‍ॅपल अकाउंट कुठल्या उपकरणांवर चालू आहे ते दिसतं. मुलांच्या हातातला जुना आयपॅड हमखास इथे निघतो, आणि तिचे मेसेज तिथेही उमटत असतात. पडताळणीचा कोड कोणत्या नंबरवर जातो तेही बघाच.

वरच्या कोपऱ्यात ‘क्विक एक्झिट’ आहे. कोणी खोलीत आलं तर एका टिचकीत होम स्क्रीन येते आणि तोवर केलेले बदल टिकतात. बदल टिकतात हे तिला आधीच सांगून ठेवावं.

उणिवा आहेत. अकाउंटला टू-फॅक्टर सुरक्षा, म्हणजे पासवर्डसोबत पडताळणीचा कोडही मागणारी सोय, लागते. व्हॉट्सअ‍ॅपची जोडलेली उपकरणं, जीमेल, बँकेचे मेसेज हे सगळं स्वतंत्रपणे तपासावं लागतं. बॅगेत लपवलेला ट्रॅकर, म्हणजे ठावठिकाणा कळवणारं छोटं उपकरण, यात सापडत नाही. त्याचा इशारा वेगळा येतो. मे २०२४ पासून तो आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर येतो. ट्रॅकर सापडलाच तर लगेच फेकू नका. तो पुरावा आहे, शिवाय तो बंद पडल्याचंही समोरच्याला कळतं.

आता मदत करणाऱ्यांसाठी. फोन तिच्याच हातात राहू द्या. मी समोर बसते, बाजूला नाही. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली तरच बघते. शेअरिंगच्या यादीत तिच्या मैत्रिणींची, नातेवाइकांची नावंही असतात, ती मला माहीत असायची गरज नाही. आपल्या फोनवर फोटो काढायचा नाही, ‘सल्ल्यासाठी’ ग्रुपवर टाकायचा तर नाहीच. आपल्या क्षेत्रात हे सर्रास चालतं, म्हणून मुद्दाम लिहिते. शेअरिंग बंद करण्यापूर्वी पुराव्यासाठी स्क्रीनशॉट तिनेच घ्यावा, पण त्याआधी आयक्लाउड फोटो, म्हणजे अकाउंटच्या सगळ्या उपकरणांवर फोटो आपोआप पोचवणारी सोय, चालू आहे का बघावं. नाहीतर तोच स्क्रीनशॉट त्या आयपॅडवर जाऊन बसतो.

माझ्याकडून सेफ्टी चेकला पाचपैकी चार गुण. काय बंद करायचं, कधी, हे तिने ठरवायचं. निघायच्या दिवसापर्यंत लोकेशन मुद्दाम चालू ठेवणाऱ्याही असतात, आणि त्यांचं बरोबर असतं.