गुडघेदुखीची "झाडपाल्याची" पावडर घेऊ नका, आमच्या आईचं काय झालं बगा

खानापूर तालुक्यात आमचं गाव. पावसाळ्यात एक पांढरी ओमनी आलती, वर भोंगा, आधी कन्नडमध्ये मग मराठीत, भीमगडच्या जंगलातली औषधं, संधिवात मुळापासून बरा वगैरे. आई भाताची लावणी करून करून गुडघ्यानं बेजार, पायरी चढताना डोळ्यात पाणी यायचं. त्या माणसानं बरण्यांतून निर्गुडी, शेवग्याचा पाला, कसल्या कसल्या मुळ्या काढून दाखवल्या, निर्गुडी तर खरीच होती, आईनं हातात घेऊन वास बघितला आणि तिथंच तिचा विश्वास बसला. "अक्का, दोन दिवस फुकट खावा, गुण आला तरच पैसे द्या" म्हणाला.

गुण आला की. तिसऱ्या दिवशी आई जेवायला मांडी घालून बसली, किती वर्षांनी. मी 1,800 रुपये देऊन महिन्याच्या पुड्या घेतल्या, मग परत दोनदा फोन करून मागवल्या, शेजारच्या काकूंना पण मीच घ्यायला लावल्या, ते अजून मनाला लागतंय.

अडीच महिन्यांत आईचं तोंड गोल गरगरीत झालं, लोक म्हणायचे तब्येत सुधारली. भूक अशी की रात्री उठून भाकरी खायची. जरा कुठं लागलं की काळेनिळे डाग, मग सारखी तहान, सारखं लघवीला. बेळगावला दवाखान्यात नेलं तर शुगर 386, जिला कधी शुगर नव्हती!

डॉक्टरांनी तोंड बघूनच विचारलं, बाहेरचं काय औषध चालू आहे काय? पुडी कागदावर ओतून बोटानं पसरली, तपकिरी चुऱ्यात बारीक पांढरे कण. म्हणाले, स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्या असणार, असले पेशंट बरेच येतात. स्टेरॉइडनं सूज आणि दुखणं झटक्यात उतरतंय, पण शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. मी रागानं पुड्या फेकतो म्हटलं तर थांबवलं, महिनोन्महिने बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं कमी करतंय, एकदम तोडलं तर बीपी पडून जिवावर बेततंय. आता मोजून गोळी देऊन हळूहळू उतरवायला लागलेत. काकूंना पण दुसऱ्या दिवशी तिथंच नेलं.

झाडपाल्याला मी नावं ठेवत नाही. निर्गुडीचा पाला गरम करून आमची आजी गुडघ्याला बांधायची, घरात नाचणीची आंबील आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी आजही होते, नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतंय. पण हे खाण्यापिण्याचं बळ आहे, वर्षानुवर्षं खाऊन अंगी लागतंय. पाला दोन दिवसांत गुडघा मोकळा करत नाही, तिथंच मला शंका यायला पाहिजे होती.

आणि पुडीवर काय, तर नुसता द्रोणागिरी उचललेला मारुती. आयुर्वेदिक असलं तरी लायसन नंबर, बॅच नंबर, तारीख, आत काय घातलंय ते छापावंच लागतंय, आणि खायची वस्तू म्हणून विकत असतील तर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, 14 आकडी नंबर. शुगर, संधिवात बरा करतो अशी जाहिरात करायलाच 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, म्हणजे तो भोंगाच मुळात गुन्हा होता, आम्हाला कुणाला माहीत होतं?

त्याचा फोन बंद आहे. काकूंकडच्या उरलेल्या चार पुड्या डब्यात बंद करून ठेवल्यात, ड्रग इन्स्पेक्टरकडं देणार आहे. तसलीच ओमनी मागच्या आठवड्यात नंदगडकडं दिसली म्हणतात, आता भोंग्यावर शुगरची पावडर आहे.