इंग्लंडच्या शाळेत अकरा महिने: कोल्हापूरच्या एका विज्ञानशिक्षिकेचा अनुभव

सुट्टीला घरी आलेय. बाहेर पावसाची रिपरिप, राजाराम बंधारा पाण्याखाली, आणि रोज एखाद्या जुन्या सहकारी मैत्रिणीचा फोन: "तिकडं जमलं काय गं? मीबी अर्ज करतो म्हणतोय." प्रत्येकीला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. नऊ वर्षं कोल्हापुरात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं. सप्टेंबर २०२४ पासून लीड्सजवळच्या एका सरकारी माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवतेय.

आधी पैशाचं बोलू, कारण पहिली ठेच तिथंच लागते. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात पात्र ठरलेल्या शिक्षकांना इंग्लंडचा क्यूटीएस, म्हणजे तिथल्या शिक्षकपदाची पात्रता, थेट मागता येते. आपल्यासाठी ती गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांपुरती आहे. अकरा ते सोळा वयाच्या मुलांना शिकवण्याची पात्रता हवी आणि किमान एक वर्षाचा अनुभव. हा अर्ज तिथल्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर फुकट भरता येतो. मला हे माहीत नव्हतं. एका एजंटानं त्याचे चाळीस हजार घेतले आणि मीच दिलेले कागद मीच सांगितलेल्या क्रमानं चढवले. ते पैसे आठवले की आजही जीव तळमळतो. कृपा करून अर्ज स्वतः भरा.

खरा खर्च व्हिसाचा. आरोग्य अधिभार, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीचे पैसे, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचा एकदम भरायचा. माझा तीन वर्षांचा होता, म्हणजे ३,१०५ पौंड. सोसायटीचं कर्ज काढलं. लंडनबाहेर नव्या शिक्षकाचा पगार २०२४-२५ मध्ये वर्षाला ३१,६५० पौंडांपासून सुरू होत होता. कर, विमा, पेन्शन कापून माझ्या हातात महिन्याला दोन हजारांच्या आसपास यायचे. एकट्यानं राहत असाल तर काउन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे तिथल्या घरपट्टीत, २५ टक्के सूट मिळते, पण ती आपण होऊन मागावी लागते. मला तीन महिन्यांनी कळलं.

थंडीचं सगळे विचारतात. थंडी स्वेटरनं भागते. अंधाराला तयारी ठेवा. डिसेंबरात तिथं पावणेचारलाच सूर्य मावळतो. शाळा सुटून बसस्टॉपवर उभी राहायचे तेव्हा रात्र झालेली असायची. घरी पोचून फोन लावावा तर कोल्हापुरात अकरा वाजत आलेले, मुलगा झोपलेला, आणि आई जागी. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "जेवलीस काय?" हिवाळ्यात साडेपाच तासांचं अंतर असतं, मार्चअखेरीस घड्याळं पुढं केली की साडेचार तासांचं होतं. त्या एका तासानं मुलाशी बोलणं पुन्हा सुरू झालं. जेवणाची आबाळ झाली नाही. ज्वारीचं पीठ ब्रॅडफर्डला मिळतं, कांदा-लसूण मसाला मात्र घरूनच न्या.

भाषेची भीती मला होती ती व्याकरणाची. अडचण आली कानाची. यॉर्कशायरची मुलं भरभर आणि शब्द गिळून बोलतात. त्यांच्या तोंडी 'डिनर' म्हणजे दुपारचं जेवण आणि 'टी' म्हणजे संध्याकाळचं, हे कळेपर्यंत महिना गेला. मी 'बाई'ची 'मिस' झाले. लग्न झालेलं असो नसो, तिथं बाई म्हणजे मिसच.

वर्गावर पकड बसायला दिवाळी उलटली. माझा आवाज मोठा, कोल्हापुरात तेवढ्यावर वर्ग गप्प बसायचा. तिथं आवाज चढवला की पोरं आणखी चेकाळतात. दारात उभं राहून प्रत्येकाला आत घ्यायचं, फळ्यावर पहिली पाच मिनिटं करायचं काम आधीच लिहिलेलं हवं, हजेरी रोज त्याच पद्धतीनं. हा शिरस्ता मोडला तर तास गेलाच. मुलानं घरातलं काही मन मोकळं करून सांगितलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेल्या शिक्षकाकडे ते त्याच दिवशी पोचवायचं. सुरुवातीला मला हे कोरडं वाटलं. एका मुलीच्या बाबतीत त्याचा उपयोग डोळ्यांनी पाहिला, तेव्हापासून वाटत नाही.

हजेरीवर तिथं फार कटाक्ष. पाच दिवस विनापरवानगी गैरहजेरी झाली तर पालकाला ८० पौंड दंड होऊ शकतो, तीन आठवड्यांत भरला नाही तर १६०. स्टाफरूममध्ये यावर कुरकुर चालली होती. मी सांगितलं, आमच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड लावला. सगळे ऐकत राहिले. त्या दिवशी मला त्या खोलीत पहिल्यांदा आपलं वाटलं.

पण मी परत जाणार आहे ती प्रयोगशाळेसाठी. तिथं दहावी-अकरावीच्या मुलांना ठरलेले प्रयोग स्वतः करावेच लागतात. एक तंत्रज्ञ बाई आदल्या दिवशी ट्रॉली लावून ठेवतात. पहिला मोठा प्रयोग विशिष्ट उष्माधारकतेचा, म्हणजे एक किलो पदार्थ एका अंशानं तापवायला किती उष्णता लागते ते मोजायचा. एक किलोचा ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्याला दोन भोकं, एकात हीटर, दुसऱ्यात थर्मामीटर आणि पाण्याचा एक थेंब, काच आणि धातू नीट चिकटावेत म्हणून. पुस्तकातलं उत्तर ९०० जूलच्या आसपास. एका मुलीला १,०८० आलं. मी सवयीनं लाल पेन उचललं. मागं बसलेल्या विभागप्रमुखांनी तिलाच विचारलं, "जास्त का आलं असेल?" तिनं ठोकळ्याला हात लावला, मग टेबलाला. "मिस, टेबलपण तापलंय." पुढच्या तासाला तिनं ठोकळा कापसात गुंडाळला. ९६० आलं. मी नऊ वर्षं हा धडा फळ्यावर शिकवला होता.

जायचं कुणी? वर्ग सांभाळायची सवय असेल, घरचे पाठीशी असतील आणि पहिले तीन महिने नवशिक्यासारखं राहायची तयारी असेल त्यांनी. नुसत्या पगाराकडे बघून जाणार असाल तर घरभाडं आणि हीटरचं बिल आधी विचारून घ्या.

गेल्या आठवड्यात माझ्या जुन्या शाळेत गेले होते. मुख्याध्यापकांना म्हटलं, सर, दहावीचा एक तास द्या आणि प्रयोगशाळेचं कपाट उघडा. कॅलरीमापी, म्हणजे उष्णता मोजायची भांडी, डेडस्टॉक रजिस्टरला चढलेले, फुटतुटीच्या धास्तीनं कुलपातच राहिलेले. सर थोडा वेळ गप्प बसले, मग शिपाईमामांकडून किल्ली मागवली. सहा गट केले. तांब्याचे गोळे उकळत्या पाण्यातून उचलून मुलांनीच कॅलरीमापीत सोडले. एक थर्मामीटर फुटला, त्याचे पैसे मी दिले. तांब्याच्या उष्माधारकतेचं सगळ्यांचं उत्तर पुस्तकापेक्षा कमी आलं. मी विचारलं, का? शेवटच्या बाकावरची एक मुलगी दोरा हातात धरून उभी होती. म्हणाली, "बाई, गोळा पाण्यात जायच्या आधीच वाऱ्यानं गार झाला. टेबलं जवळ घेऊन परत करू काय?"