सॉंग मेकर: प्राथमिकच्या वर्गात लय शिकवायला कितपत उपयोगी?

मोबाईलवर तबल्याची अ‍ॅप्स भरपूर आहेत. ताल निवडला, लय ठरवली, की ठेका सुरू. रियाजाला ती उत्तमच, पण दुसरी-तिसरीच्या मुलाला त्यातून फारसं मिळत नाही, कारण सगळं काम अ‍ॅप करतं आणि मूल नुसतं ऐकतं. मात्रा, म्हणजे तालाच्या मोजणीचा एक ठोका, हाताने मांडली, ती चुकलेली ऐकली आणि पुन्हा मांडली, तरच ती मुलाची होते. या कसोटीवर गूगलच्या क्रोम म्युझिक लॅबमधलं ‘सॉंग मेकर’ पुष्कळ उजवं ठरतं. म्युझिक लॅब २०१६ मध्ये आली, सॉंग मेकर २०१८ मध्ये. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये उघडतं, फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही.

पडद्यावर चौकटींची जाळी दिसते. वरच्या रंगीत ओळी सुरांच्या, तळाच्या दोन ओळी तालवाद्याच्या. आपलं काम या दोनच ओळींशी. एक ठोका जाड, एक बारीक. पुण्यातल्या मुलांना हे समजावायला वेगळे शब्द लागत नाहीत: जाड म्हणजे ढोल, बारीक म्हणजे ताशा. गणपतीआधी पथकांचा सराव सगळ्यांच्या कानावरून गेलेला असतो, त्यामुळे पहिला ठेका मुलांनाच सांगू द्यावा.

मूळ मांडणी चार बार, प्रत्येकी चार बीट. बीट म्हणजे मात्रा, बार म्हणजे मात्रांचा गट. म्हणजे १६ मात्रा, त्रितालाचं एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) जसंच्या तसं पडद्यावर. फक्त सेटिंग्जमध्ये ‘स्प्लिट बीट्स’ २ वर असतं, ते आधी १ करा, नाहीतर ३२ घरं दिसतात आणि मुलं अर्ध्या मात्रेलाच मात्रा समजतात. दुगुन (दुप्पट लय) शिकवायची वेळ आली की तेच पुन्हा २ करायचं, आणि तेव्हा ही सोय खरोखर सुंदर वाटते: मात्रा तेवढ्याच, घरं दुप्पट, हे डोळ्यांना दिसतं. पण सुरुवात त्रितालाने नको. १६ मात्रांचं आवर्तन सात-आठ वर्षांच्या मुलांच्या लक्षात राहत नाही. त्याऐवजी छोटे ताल घ्या: आठ मात्रांच्या केरव्यासाठी चार बीटचे दोन बार, सहा मात्रांच्या दादऱ्यासाठी ‘बीट्स पर बार’ ६. दहा मात्रांचा झपताल पाच बीटच्या दोन बारांत बसतो, मात्र २-३-२-३ असे विभाग तिथे दिसत नाहीत, ते फळ्यावर काढावे लागतात.

मोठी उणीव अशी की सगळे ठोके सारख्याच जोराचे. सम (आवर्तनाची पहिली मात्रा) उठून येत नाही, खाली (टाळी न देता हात बाजूला नेण्याची मात्रा) कळत नाही. यावर उपाय आहे. समेच्या घरात जाड आणि बारीक दोन्ही ठोके भरा, टाळीच्या मात्रेवर फक्त जाड, खालीच्या मात्रेवर फक्त बारीक. त्रितालात १ वर दोन्ही, ५ आणि १३ वर जाड, ९ वर बारीक. बाकीची घरं रिकामी ठेवून मुलांना बोलावून भरू द्या. तालवाद्यांत ‘कांगा’ निवडा. चामड्याच्या वाद्याच्या जवळ जाणारा आवाज तोच.

वरची सुरांची जाळी मुलांना रंगवायला भुरळ घालते आणि पाच मिनिटांत लयीचा तास चित्रकलेचा होतो. स्केल ‘पेंटॅटॉनिक’ (पाच सुरांचं) आणि रेंज एक सप्तक केली की त्या ओळी मोजक्याच उरतात.

लय सुरुवातीला १२० असते, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा. ‘लहान मुलं, म्हणून सावकाश’ असं करून ती ६० वर आणू नका. लहान मुलांची स्वाभाविक लय मोठ्यांपेक्षा जलद असते. दोन ठोक्यांत पूर्ण सेकंदाचं अंतर पडलं की ती वाट पाहू शकत नाहीत आणि पुढे पळतात. ९० ते ११० मध्ये दादरा, केरवा नीट पकडतात. विलंबित, म्हणजे संथ लय, नंतर.

आता आवाज. चाळीस मुलांच्या वर्गाला मोबाईलचा स्पीकर पुरत नाही, म्हणून ब्लूटूथ स्पीकर आणला जातो आणि तिथेच घोटाळा होतो. ब्लूटूथवर आवाज साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. लय १०० असेल तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, म्हणजे २०० चा उशीर हा मात्रेचा तिसरा हिस्सा. पडद्यावर पुढे सरकणारी रेघ एका घरात आणि ठोका मागून. निम्मी मुलं रेघेवर टाळी देतात, निम्मी आवाजावर, आणि दोष मुलांना दिला जातो. नुसतं ऐकून टाळी द्यायची असेल तर उशीर बाधत नाही. पडदा दाखवायचा असेल तर तारेचाच स्पीकर हवा. ऑक्स केबल आणि मोबाईलला जॅक नसल्यास लागणारा जोड पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतो. आयफोनवर आवाजच येत नसेल तर आधी बाजूचं सायलेंट बटण पाहा. पान इंटरनेटवरून उघडतं, म्हणून तासाआधी उघडून एकदा वाजवून घ्या, मग फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाका.

३५ मिनिटांच्या तासात मोबाईल १२ मिनिटांपेक्षा जास्त नसावा. पहिली दहा मिनिटं पायांनी चालत, हातांनी टाळी-खाली देत, तोंडाने दादऱ्याचे बोल, ‘धा धी ना, धा ती ना’. शाळेत लेझीम असेल तर तिथूनच सुरुवात करा, मोजणी अंगात असतेच. मग पडदा: एका मुलाने एक घर भरायचं, वर्गाने ते वाजण्याआधी म्हणून दाखवायचं. हा ‘आधी’ फार महत्त्वाचा. रेघ पाहून दिलेली टाळी नेहमी किंचित मागे पडते, कारण मूल लय धरत नसतं, रेघेचा पाठलाग करत असतं. म्हणून दोन आवर्तनांनंतर पडदा झाका, आणखी दोन आवर्तनांनी आवाजही बंद करा, टाळ्या चालू ठेवा आणि चार आवर्तनांनी आवाज परत सोडा. वर्ग समेवर आहे की नाही ते लगेच कळतं. उरलेला वेळ बाकांच्या रांगांना ढोल आणि ताशा वाटून देऊन मोबाईलशिवाय तोच ठेका.

सेव्ह केल्यावर लिंक मिळते, ती पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकता येते. नंतर काही बदललं तर पुन्हा सेव्ह करून नवी लिंक घ्यावी लागते, त्यामुळे प्रत्येक लिंकपुढे तालाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. तबला शिकणाऱ्या पाचवी-सहावीच्या मुलांना मात्र हे अपुरं पडेल. बोलांचा नाद, मींड (सूर घसरवत नेणं), घुमारा इथे नाहीच. त्यांच्यासाठी लेहऱ्याचं (तबल्याच्या साथीला आवर्तनागणिक पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या सुरावटीचं) अ‍ॅप घ्या.