सात दिवसांत खत, आणि साडेनऊ हजार रुपये

मे महिन्यात मोबाइलवर एक व्हिडिओ आला. घोडीवर, म्हणजे स्टँडवर, आडवा बसवलेला हिरवा ड्रम. एक बाई त्यात भाजीची देठं टाकते, दांडा धरून चार फेरे देते आणि सातव्या दिवशी काळंभोर, भुसभुशीत खत काढून ओंजळीत धरते. मी तो तीनदा पाहिला.

आमचं घर रत्नागिरीत. मागच्या दारी दहा बाय बारा फुटांची जागा, त्यात एक माड, अनंत, तगर आणि कढीपत्ता. सासूबाईंच्या वेळी मोठं परडं होतं, कोपऱ्यात पातेऱ्याचा (वाळक्या पाल्याचा) आणि शेणाचा खड्डा होता. वाटण्या झाल्या आणि खड्डा दिरांच्या बाजूला गेला. आमच्याकडे वीतभर मातीखाली कातळ लागतो, नवा खड्डा मारायची सोयच नाही. शिवाय चतुर्थीचं निर्माल्य कचऱ्याच्या गाडीत टाकायला माझं मन घेत नाही. म्हणून ड्रम हवा होता.

फोन केला तर पलीकडचा मुलगा ‘काकी, काकी’ करत अगदी घरच्यासारखा बोलला. दीडशे लिटरचा ड्रम, स्टेनलेस स्टीलची घोडी, मासळीची डोकी-खवलं टाकली तरी वास नाही, रोज टाका आणि आठवड्यानंतर रोज काढा. किंमत साडेसहा हजार. दोन हजार आधी, उरलेले माल दारात आल्यावर. पार्सल आलं तेव्हा कुरिअरवाला म्हणाला, आधी पैसे द्या, मग खोका उघडा. मी दिले. तिथेच थांबायला हवं होतं.

ड्रम पाहूनच तो लहान वाटला. ह्यांनी टेप लावली. व्यास 40 सेंटीमीटर, लांबी 55. हिशोब केला तर 69 लिटर भरतात, दीडशेच्या निम्मेही नाहीत. आणि ड्रम काठोकाठ भरला तर आतला माल उलटापालटा होत नाही; निम्मा, फार तर दोन तृतीयांश भरायचा असतो. म्हणजे वापरायला उरले 45 लिटर. घोडीला चुंबक लावलं तर चिकटलं. साधं लोखंड, वर चंदेरी रंग. खाऱ्या वाऱ्याने दीड महिन्यात बोल्ट गंजले, आणि ओल्या मालाच्या वजनाने मधली कांब वाकली.

तरीही मी मनापासून वापरला. सोबत आलेली ‘कल्चर’ची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची, पुडी टाकली, तिच्यावर ना बनवल्याची तारीख, ना मुदत. सातव्या दिवशी आत होता तो आंबूस लगदा. मृगाचा पाऊस लागला तसं हवेच्या भोकांतून पाणी आत गेलं आणि खालून काळं पाणी ठिबकू लागलं. त्याने सांगितलं होतं म्हणून बांगड्याची डोकी टाकली होती. माश्या, अळ्या, रात्री गडग्यावरून येणारी कुत्री. शेजारच्या वैनींनी तोंडावर पदर धरून विचारलं, तेव्हा मला रडू आलं.

नंतर दिरांच्या ओळखीचे एक बागायतदार येऊन बघून गेले. त्यांनी सांगितलेलं मी इथे मुद्दाम लिहिते, कारण एवढं आधी कळलं असतं तर मी फसले नसते. सात दिवसांत खत होत नाही, कुठल्याच ड्रममध्ये. कचरा कुजताना तापतो, पण तो ताप धरून ठेवायला साधारण एक घनमीटरचा ढीग लागतो. एवढ्याशा ड्रममध्ये उष्णता टिकत नाही. सगळं नीट जमलं तरी दीड-दोन महिने, आणि वर मुरायला आणखी काही आठवडे. ओला कचरा एक वाटी तर सुका पातेरा, पेंढा किंवा सोडणाचा (नारळाच्या सालाचा) भुसा दोन-तीन वाट्या. मूठभर दाबून पाहिलं तर बोटांत ओल लागावी, पाणी गळू नये. आणि एकाच कप्प्याच्या ड्रममध्ये रोज ताजं टाकत राहिलं तर खत कधीच तयार होत नाही. दोन कप्पे हवेत: एक भरत राहायचा, दुसरा बंद ठेवून कुजू द्यायचा. ‘रोज टाका, रोज काढा’ हे सांगणारा माणूस खत करणाराच नव्हे.

श्रावणात मी पैसे परत मागितले. तो लगेच कबूल झाला! मोबाइलवर क्यूआर पाठवला, म्हणाला, ‘काकी, स्कॅन करून पिन टाका, पैसे खात्यात येतील.’ मी पिन टाकला आणि तीन हजार गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. घरात सांगायची लाज वाटली म्हणून दोन दिवस गप्प राहिले. पुण्याहून मुलाने 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करायला लावला. तिथल्या बाईंनी विचारलं, ‘त्याच दिवशी का नाही केलात?’ तक्रार तेव्हाच गेली असती तर बँकेला पैसे वाटेत अडवता आले असते. लाजेने गप्प बसू नका, त्याच घटकेला 1930 लावा.

वस्तूबद्दलची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, नोंदवली. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा लावता येतो, आपण राहतो त्या जिल्ह्यात, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. पण दावा लावायचा कोणावर? माझ्याकडे आहे ती मालासोबत आलेली नुसती चलनाची चिठ्ठी. तिच्यावर पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या विक्रेत्याचा 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की विक्रेत्याचं नाव दिसतं. पैसे पाठवण्याआधी तो मागा. देत नसेल तर फोन ठेवा.

ड्रम आता माडाखाली पडून आहे. आम्ही जुन्या चिऱ्यांचा कमरेएवढा हौद रचला, मधे आडवी भिंत घालून दोन भाग केले, वर पत्रा टाकला. निर्माल्य पातेऱ्यात मिसळून तिथेच जातं, मासळीचं काही त्यात टाकत नाही.

गेल्या आठवड्यात वैनींच्या मोबाइलवर तोच व्हिडिओ आला. तीच बाई, तोच हिरवा ड्रम. विकणाऱ्याचं नाव वेगळं, किंमत पाच हजार दोनशे. मी दाखवायला धावले तेव्हा वैनी दोन हजार पाठवायच्याच बेतात होत्या.