ऑफिसला जायला घेतलेली हायब्रीड सायकल, एक पावसाळा काढल्यानंतरचा रिव्ह्यू

ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण सोळा-अठरा हजारात ज्या चार-पाच कंपन्यांच्या हायब्रीड (रेसिंगच्या आणि जाड टायरच्या सायकलच्या मधला प्रकार) मिळतात त्या बऱ्याचशा सारख्याच असतात. अॅल्युमिनियम फ्रेम, पुढे शॉकअप नसलेला साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा दांडा), 700सी मापाची मोठी चाकं, मागे शिमानोचे 7 गिअर, आणि रोज कामावर जायला यापेक्षा जास्त काही लागत नाही हे आता मी ठामपणे सांगतो. माझा रूट नाशिकमधला, गंगापूर रोडवरून जेहान सर्कल, महात्मानगर, एबीबी सर्कल आणि तिथून सातपूर एमआयडीसी, जनरल शिफ्ट. बाईकने पंधरा-वीस मिनिटं लागायची, सायकलने अर्धा तास धरून चालतो.

दुकानात गेलात की आधी तुम्हाला ती जाड टायरची, पुढे-मागे शॉकअप असलेली एमटीबी, म्हणजे डोंगरातली माउंटन बाईक, दाखवतील, दिसते एकदम भारी आणि किंमतही तेवढीच. ऑफिससाठी ती घेऊ नका. या किमतीतले शॉकअप म्हणजे नुसतं वजन, उभं राहून पायडल मारलं की खाली बसतात आणि पायातला जोर तिथेच जिरतो, वर ते बटणासारखे उंचवटे असलेले टायर डांबरावर घरघर करत चालतात, सात-आठ किलोमीटरला माणूस उगाच दमतो. हायब्रीडचे 35 किंवा 38 मिलिमीटर रुंदीचे टायर खड्डे, स्पीडब्रेकर सगळं आरामात घेतात, फक्त हवा नीट पाहिजे. किती भरायची ते टायरच्या साइडलाच छापलेलं असतं आणि आठवड्यातून एकदा भरायचीच, हवा कमी असताना खड्ड्यात चाक आपटलं की ट्यूब रिमखाली चेपते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

आता या सायकलची खरी कमी सांगतो. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, स्टँड नाही, घंटी नाही, लाइट नाही. म्हणजे ती फिरायला तयार आहे, कामावर जायला नाही. कामावर जायची सायकल कशी असते ते बघायचं असेल तर फर्स्ट शिफ्टच्या वेळी कंपनीच्या गेटवर उभे रहा, जे मामा लोक वर्षानुवर्षं काळी सायकल घेऊन येतायत त्यांच्या सायकलला फुल मडगार्ड असतं, चेनवर कव्हर असतं, लोखंडी कॅरियर आणि मागचं चाक उचलून उभं राहणारं स्टँड असतं. त्यांचं सगळं डोकं लावून केलेलं आहे. नाशिकमध्ये सायकलिंगचं वेड काही कमी नाही, 2015 ला आपल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तसं करणारी ती पहिली भारतीय टीम, पण दुकानांमध्ये मात्र आता सगळी चर्चा स्पीडची आणि वजनाची असते, डबा कुठे ठेवायचा हे कोणी विचारतच नाही.

तर किमतीवर अजून तीन-साडेतीन हजार धरूनच चाला, त्यात फुल मडगार्ड, कॅरियर, स्टँड, पुढे-मागे लाइट, घंटी आणि एक चांगलं कुलूप बसतं, हेल्मेटचे वेगळे. घेतानाच खाली वाकून मागच्या चाकाच्या नटाजवळ फ्रेमला कॅरियर बसवायची भोकं आहेत का ते बघा, काही मॉडेलला नसतात आणि मग क्लॅम्पवर बसवलेला कॅरियर सरकत राहतो. बॅग पाठीवर घेऊ नका हो, मार्चपासून शर्टची पाठ पूर्ण भिजते. मी बॅग कॅरियरवर टाकतो आणि बांधायला पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबची पट्टी कापून घेतलीये, बाजारातल्या हुकवाल्या दोरीपेक्षा शंभर पटीने चांगली, डबा आडवा होत नाही.

दुकानाबद्दल. मेकॅनिकला पूर्ण मार्क. त्याने मला सायकलवर बसवलं, पायडल एकदम खाली नेऊन टाच ठेवायला लावली आणि पाय सरळ होईपर्यंत सीट वर घेतली, मला ती जरा उंचच वाटत होती तर म्हणाला, "दादा, आठ दिवस अशीच चालवा, मग खाली करायची असंल तर या, फुकट करून देतो." परत जायची गरज पडली नाही, गुडघे एकदाही दुखले नाहीत. नवीन सायकलच्या केबल पहिल्या महिन्यात सैल पडतात, गिअर आपोआप उड्या मारायला लागतात, तेव्हा घाबरू नका, पहिल्या सर्व्हिसला गिअर सेट करून आणि चाकांचा आउट, म्हणजे डगमग, काढून घ्या. पण काउंटरवरचा कारभार आवडला नाही, पहिली सर्व्हिस फ्री म्हणून सांगितलं आणि ब्रेक शू, ऑइल, कॅरियर परत टाइट करायचे सुद्धा पैसे लावले, तर फ्रीमध्ये काय काय येतं ते बिलावर लिहून घ्या. आणि हो, 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय, बिलात तेवढाच लागलाय ना ते बघा.

वॉलचं, म्हणजे ट्यूबमध्ये हवा भरायच्या नळीचं, नक्की विचारा. काही हायब्रीडला बारीक, लांबट प्रेस्टा वॉल येतो, त्याला रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पाइप बसत नाही. बाईकसारखा जाड वॉल असेल तर कुठेही हवा मिळते. प्रेस्टाच असेल तर छोटासा पितळी अडॅप्टर मिळतो, तो वॉलवरच चढवून ठेवा. एमआयडीसीत पंक्चर होणारच, रस्त्यावर लेथ मशीनवर लोखंड कापताना निघालेले चिप्स पडलेले असतात, गोल वळलेल्या धारदार तारा, टायरमध्ये घुसतात आणि हवा इतकी हळू जाते की घरी पोचेपर्यंत कळत नाही. मी आता गेटवर सायकल लावली की दोन्ही चाकं फिरवून टायरवर नजर टाकतो, दिसला तुकडा की काढला, यानेच निम्मे पंक्चर वाचले असतील.

पावसात ब्रेक उशिरा लागतात, म्हणून अंतर ठेवा, आणि जून-जुलैत सातपूरकडे जाताना वारा तोंडावर असतो तेव्हा सरळ दोन गिअर हलके करा, वाऱ्याशी भांडू नका. सोबत आलेले प्लॅस्टिकचे पायडल ओल्या बुटाला धरतच नव्हते, ते पहिल्याच पावसात बदलले. चेन मात्र दर दोन-तीन दिवसांनी पुसून ऑइल करावी लागते, एक शनिवार-रविवार तशीच ओली ठेवली की सोमवारी गंजून लाल.

मागचा टायर आता मधोमध गुळगुळीत झालाय, आतून पट्टी असलेला पंक्चर न होणारा टायर टाकायचा विचार आहे पण तो बराच जड असतो म्हणतात, एमआयडीसीच्या रस्त्यांवर कोणी रोज वापरत असेल तर सांगा, त्याप्रमाणे घेईन.