माजी सैनिकांसाठीचा इंटरव्ह्यू क्लास, दादर : साडेतीन स्टार

दादा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाला, १९९९ला कारगिलला होता, आणि इथे आल्यावर जो भेटेल तो एकच सांगणार, सिक्युरिटीत लाग, म्हणून वहिनीने हट्टाने या क्लासला घातलं.

बायोडेटा मस्त करून देतात. नुसतं 'सेक्शन कमांडर' लिहून एचआरवाल्याला काय कळणार, तिथे माणसं सांभाळली, स्टोअरचा हिशोब ठेवला असं लिहायला लावलं. आणि दहावी पास अधिक १५ वर्षं सर्व्हिस असेल तर केंद्र सरकारच्या ग्रुप सी (कारकून वगैरे पदं) नोकऱ्यांमधल्या माजी सैनिकांच्या राखीव जागांना, जिथे पदवी मागतात पण तांत्रिक कामाचा अनुभव सक्तीचा नाही तिथेही अर्ज करता येतो, हे दादाला पहिल्यांदा इथेच कळलं, यासाठीच फी वसूल.

पण इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस घेणारा पोरगा पंचविशीतला, सगळ्यांसमोर विचारतो "काका, किती जणांना मारलंत?" अरे काय विचारतोस!! दादा उठून बाहेर गेला, चहा पिऊन आला. मॅडमनी नंतर सॉरी म्हटलं ते ठीक.

झोप न लागणं, दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की दचकणं, विरार लोकलच्या गर्दीत घाम फुटणं यावर मात्र अवाक्षर नाही. त्यासाठी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकला विचारा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ पण फुकट आहे, चोवीस तास.

शनिवारची बॅच घ्या, संध्याकाळी दादर स्टेशनला उतरणं म्हणजे वेगळंच युद्ध.