पीएनआर खरा होता, तिकीट आमचं नव्हतं

क्रेडिट कार्डाच्या खर्चावर साठणाऱ्या पॉइंट्सवर काढलेली बिझनेस क्लासची तिकिटं निम्म्या भावात विकणारे दलाल सध्या ठाणे-नवी मुंबईत बरेच झालेत. त्यांच्यातल्या एकाने आमचे एक लाख सत्तर हजार रुपये बुडवले. सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण विमानप्रवासातलं ज्यांना थोडंफार कळतं, जे कार्डाचे पॉइंट्स जमवतात आणि एअरलाइनकडे वळते करतात, त्यांनाच हा प्रकार सर्वात खरा वाटतो.

बहीण लंडनला असते, आई-बाबांना तिच्याकडे जायचं होतं. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालेली, त्यामुळे नऊ-दहा तास पाय दुमडून बसणं त्यांना शक्य नाही. ठरलं असं, की जाताना दोघांना बिझनेस क्लास आणि येताना बहीण तिकडून साधी तिकिटं काढेल. यामागे हिशेब होता. लंडनहून बिझनेस क्लासने निघालं की ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्युटी हा कर बराच जास्त बसतो, मुंबईहून निघताना तो लागत नाही. पॉइंट्सवर एकाच बाजूचं तिकीट काढलं तरी भुर्दंड पडत नाही, हाही फायदाच. माझ्याकडचे पॉइंट्स मात्र एका तिकिटालाही पुरत नव्हते.

ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. वाशीत सेक्टर १७ मध्ये त्याचं ऑफिस होतं, काचेच्या दारावर टूर्स अँड ट्रॅव्हल्स लिहिलेलं, आत दोन टेबलं. माणूस आपलाच, अदबीने बोलणारा. त्याचं पहिलंच वाक्य होतं, "ताई, आधी एक रुपया देऊ नका. तिकीट निघू दे, एअरलाइनच्या साइटवर तुम्ही स्वतः बघा, मग पैसे."

पॉइंट्स कुठून येतात हेही त्याने न विचारता सांगितलं. म्हणे, धंदेवाल्या लोकांची कार्डाची बिलं लाखांत, त्यावर साठलेले पॉइंट्स ते स्वतः कधी वापरणार? शिवाय १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, क्लब विस्तारा या तिच्या योजनेतले पॉइंट्स एअर इंडियाच्या खात्यात गेले, तेव्हापासून लोक घाबरून पॉइंट्स मोकळे करतायत. यातलं विलीनीकरण खरं, पॉइंट्स वळते झाले हेही खरं. अशा खऱ्या गोष्टींच्या आधारानेच तो बाकीचं गळी उतरवत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पीएनआर आला. एअरलाइनच्या साइटवर टाकला तर आई-बाबांची नावं पासपोर्टप्रमाणे, बिझनेस क्लास, तारीख बरोबर. नुसतं बुकिंग नव्हे, तिकीट नंबरही होता. तेरा आकडी, सुरुवातीचे तीन आकडे त्याच एअरलाइनचे. एअर इंडियाचे ०९८ असतात, तसे प्रत्येकीचे वेगळे असतात. आम्ही खिडकीजवळची सीटसुद्धा निवडली. त्यानंतरच पैसे पाठवले. कार्डाने देते म्हटलं तर तो म्हणाला, दोन टक्के जास्त पडतील, शिवाय मेंबरला, म्हणजे पॉइंट्सच्या मालकाला, आजच पोचवायचेत. रक्कम दोन वेगवेगळ्या खात्यांवर मागितली, दोन्ही व्यक्तींच्या नावाची.

तेव्हा पडद्यावर आणखी एक गोष्ट दिसत होती. बुकिंगमध्ये संपर्काचा ईमेल अर्धा झाकलेला असतो, पहिली दोन अक्षरं तेवढी दिसतात. ती आमच्यापैकी कुणाच्याच ईमेलची नव्हती. मी विचारलंही. "ते मेंबरचं असतं ताई, त्याच्या खात्यातून निघालंय ना तिकीट." हे उत्तर खरंच होतं. आणि फसवणूक नेमकी तिथेच होती.

पैसे भरून काढलेलं तिकीट रद्द केलं तर पैसे ज्याने भरले त्याच्याकडे जातात. तसंच पॉइंट्सवरचं तिकीट रद्द झालं की पॉइंट्स ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत जातात, वर भरलेला टॅक्सही त्याच माणसाच्या कार्डावर जातो, आणि कापली जाते ती थोडीशी फी. प्रवाशाला कुणी विचारत नाही. तिकिटावर नाव आईचं असलं तरी ते रद्द करायचं बटण खातेदाराच्या लॉगिनमध्ये असतं. म्हणजे तिकीट काढायचं, गिऱ्हाइकाला साइटवर दाखवायचं, पैसे घ्यायचे आणि तिकीट गुपचूप रद्द करायचं. तेच पॉइंट्स पुढच्या आठवड्यात दुसऱ्या घराला विकायला मोकळे. रद्द झाल्याचा मेल जातो तो त्या झाकलेल्या पत्त्यावर.

आम्हाला कळलं ते वेब चेक-इन उघडल्यावर. साइट म्हणे, असं बुकिंगच नाही. कस्टमर केअरच्या मुलीने शांतपणे सांगितलं, "मॅडम, मेंबरच्या विनंतीवरून हे तिकीट रद्द झालं आहे. पॉइंट्स त्यांच्या खात्यात परत गेलेत. याहून जास्त माहिती फक्त मेंबरलाच देता येईल." कधी रद्द झालं, एवढं तिने बऱ्याच विनवण्यांनंतर सांगितलं. आम्ही पैसे पाठवले त्याच आठवड्यात.

ती तारीख कळल्यावर मी त्याच्याशी झालेलं चॅट पुन्हा काढलं. तिकीट रद्द करून झाल्यावरही तो मेसेज करत होता. "काकांना डायबेटिक मील टाकू का?" "व्हीलचेअर लिहून ठेवतो, काकूंना सांगा काळजी करू नका." बाबांनी हे वाचलं आणि फोन खाली ठेवला. मला पैशांपेक्षा याचा राग जास्त आहे, आणि तो जाणार नाही.

पहिल्यांदा एअरलाइनचा संताप आला, पण नियम वाचल्यावर त्यांची बाजू कळली. जवळजवळ प्रत्येक एअरलाइनच्या अटींत लिहिलेलं असतं की पॉइंट्स विकता येत नाहीत, विकल्याचं आढळलं तर तिकीट रद्द होईल आणि खातंही बंद होऊ शकतं. म्हणजे दलाल प्रामाणिक निघाला तरी तिकीट धोक्यातच. त्यात ते पॉइंट्स कुणाचं खातं हॅक करून चोरलेले असले तर मूळ मालक तक्रार करेल, आणि म्हातारी माणसं चेक-इन काउंटरवर उत्तरं देत उभी राहतील.

बँकेने हात वर केले. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं, तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर जबाबदारी नाही, असं त्यात होतं. पण ते आपल्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी. इथे ट्रान्सफर मी स्वतः केलेलं. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते तर सेवा मिळाली नाही म्हणून व्यवहारावर हरकत घेता आली असती. दोन टक्क्यांची भीती घालून तो ही वाट आधीच बंद करतो.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तिथे यूटीआर नंबर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक), खाते क्रमांक, वेळ विचारतात आणि तक्रारीचा नंबर देतात. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवरही तेच करता येतं. पैसे पहिल्या काही तासांत पुढे सरकायच्या आत खातं गोठवता यावं, यासाठी ही सोय आहे. आमच्या बाबतीत पैसे कधीच पुढे गेलेले. दोन्ही खाती भाड्याने घेतलेली निघाली, एकात काही शेकडे शिल्लक. या फसवणुकीची सगळी ताकद इथेच आहे. तिकीट पुढच्या महिन्याचं असतं, म्हणून तेवढे दिवस कुणी चौकशी करत नाही, आणि चोराला आयता वेळ मिळतो.

म्हणून ज्यांनी असं तिकीट आधीच घेतलंय, त्यांनी चेक-इनची वाट बघू नये. आजच एअरलाइनला फोन करा आणि पीएनआर नव्हे, तेरा आकडी तिकीट नंबर सांगून त्याचं स्टेटस विचारा. 'ओपन' म्हणाले तर तिकीट निदान या घडीला जिवंत आहे. 'रिफंडेड' किंवा 'व्हॉइड' म्हणाले तर फोन ठेवून लगेच १९३० लावा. काही एजंट असं तिकीट पॉइंट्सचं आहे हे सांगतही नाहीत, कॉर्पोरेट फेअर, म्हणजे कंपन्यांना मिळणारं खास भाडं, म्हणून खपवतात. त्यांच्याकडून भाड्याच्या तपशिलासह पूर्ण ई-तिकीट मागा. मूळ भाड्याच्या जागी शून्य किंवा पॉइंट्स आणि खाली नुसता टॅक्स दिसला, तर ते तिकीट दुसऱ्याच्या खात्यातलं आहे. भाड्याचा भाग कापून पीडीएफ पाठवणाऱ्याशी पुढे बोलूच नका.

नवी मुंबई विमानतळावरून (कोड एनएमआय) २५ डिसेंबर २०२५ ला विमानं सुटायला लागली, तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर उद्घाटन ऑफरचे मेसेज फिरतायत. "एनएमआयहून पॉइंट्सवर बिझनेस क्लास, तिकीट आधी, पैसे नंतर." वाक्यरचना अगदी ओळखीची आहे. तोच माणूस आहे की दुसरा, माहीत नाही. वाशीच्या त्या गाळ्याला आता कुलूप आहे.

आई-बाबा लंडनला गेले, ऐनवेळच्या भावाने घेतलेल्या साध्या तिकिटांवर. बाबा अर्धा प्रवास पॅसेजमध्ये उभे होते, असं आईकडून कळलं.

तपास चालू आहे. अधिकाऱ्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली: एकाच खात्यावर किंवा एकाच मोबाइल नंबरवर चार तक्रारी आल्या की तपासाला जोर येतो, एकट्या तक्रारीत तो येत नाही. सेक्टर १७ मधल्या अशा ऑफिसात ज्यांनी पैसे दिलेत, त्यांनी रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नये. चॅट डिलीट करू नका, यूटीआर नंबर लिहून ठेवा, रद्द झालेल्या बुकिंगचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढा आणि तुमच्या जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या.